रबर बागांचे निर्देशांक युरोपला पाठवायचे आहेत: त्यांची सहा दशांश स्थळं आणि आपला एक मीटरचा नियम, मेळ कसा घालायचा?

दोडामार्ग_रबर (प्रश्न)

दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यातल्या रबर उत्पादकांची आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सभासद दोन-अडीचशे, बहुतेक बागा एक-दोन हेक्टरच्या, मोजक्याच चार हेक्टरवर. आमचं शीट रबर ज्या व्यापाऱ्यामार्फत पुढे जातं, त्याचा खरेदीदार युरोपात आहे. जंगलतोडमुक्त मालाच्या युरोपीय नियमाखाली (२०२३ चा १११५ क्रमांकाचा) त्याला प्रत्येक बागेचे अक्षांश-रेखांश हवे आहेत, तेही दशांश चिन्हानंतर सहा आकडे.

इथे मतभेद सुरू झालेत. एकाचं म्हणणं, सहा आकडे म्हणजे अकरा सेंटिमीटर, आणि भारतात एक मीटरपेक्षा बारीक नकाशा-माहिती परदेशी सर्व्हरवर ठेवता येत नाही, म्हणजे हा सरळ कायदेभंग. दुसऱ्याचं म्हणणं, २०२१ नंतर सगळं खुलं झालंय, परवानगी कसली. तिसरा आरटीके (जागा सेंटिमीटरभर अचूक सांगणारी पद्धत) ड्रोन लावून एकदाच सगळं उडवून घ्या म्हणतो. आणखी एक सूचना अशी की महाभूनकाशावरून (सरकारच्या ऑनलाइन जमीन-नकाशांवरून) सर्व्हे नंबरांचे आकार उचलावेत, म्हणजे शेतात जायलाच नको.

विचारायचं ते हे. मोबाइलने घेतलेले बिंदू बाहेर पाठवले तर चालतात का? ड्रोनचं काय? सातबाऱ्याचा नकाशा वापरता येतो का? शेतकऱ्यांची संमती कोणत्या स्वरूपात घ्यावी? शिवाय आमच्या संकेतस्थळावर बागांचा नकाशा टाकायचा आहे, त्यात काही अडचण?

---

भूमापन_कट्टा

पहिल्या दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. घोळ झालाय तो आकड्यांची संख्या आणि मापाची अचूकता एकच समजल्यामुळे.

विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १५ फेब्रुवारी २०२१ ला भू-स्थानिक माहितीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत उंबरठा ठरवला आहे: आडव्या दिशेत १ मीटर, उंचीत ३ मीटर. हा उंबरठा जागेवरच्या प्रत्यक्ष अचूकतेचा आहे, म्हणजे तुमचा बिंदू जमिनीवरच्या खऱ्या जागेपासून किती हललेला आहे याचा. निर्देशांक किती आकडी लिहिला याच्याशी त्याचा संबंध नाही. रबराच्या छताखाली साध्या मोबाइलची चूक ५ ते १५ मीटर असते. तो बिंदू सहा आकडी लिहा नाहीतर दहा आकडी, अचूकता ५ ते १५ मीटरच राहते. युरोपीय नियमही 'किमान सहा दशांश आकडे' एवढंच मागतो, सेंटिमीटरची अचूकता मागत नाही. त्यामुळे मोबाइलची नोंद दोन्हीकडच्या अटींत बसते.

उंबरठ्यापर्यंतची, म्हणजे एक मीटर किंवा त्याहून ढोबळ माहिती क्लाउडवर चढवायला मुभा आहे. त्याहून बारीक माहिती मात्र भारतातच साठवायची आणि भारतातच तिच्यावर प्रक्रिया करायची. परदेशी कंपनीला, किंवा परदेशी मालकीच्या वा नियंत्रणाखालच्या भारतीय कंपनीला, ती भारतीय संस्थेकडून परवान्याने मिळू शकते, पण भारतातल्या ग्राहकांना सेवा देण्यापुरतीच. तीही अशा एपीआयमधून (दोन संगणक प्रणालींमधल्या जोडणीतून), की माहिती त्या कंपनीच्या सर्व्हरमधून जाणार नाही. पुनर्विक्री बंद. युरोपातल्या खरेदीदाराला युरोपातल्या अनुपालनासाठी बारीक माहिती हवी असेल, तर ती या चौकटीत बसत नाही.

'सगळं खुलं झालंय' हे कोणासाठी, तर भारतीय संस्थांसाठी. भारतीय नागरिक, सरकारी संस्था, नोंदणीकृत सोसायट्या आणि निवासी भारतीयांच्या मालकीच्या वा नियंत्रणाखालच्या कंपन्या त्यात येतात. तुमची उत्पादक कंपनी आली. यांना पूर्वपरवानगी, सुरक्षा मंजुरी किंवा परवाना लागत नाही, स्वयंप्रमाणन पुरतं. पण एक मीटरची रेघ ओलांडली की साठवणुकीची आणि हस्तांतराची बंधनं त्यांनाही लागू होतात.

बिंदू कसे घ्यायचे: फोन उघड्यावर दोन-तीन मिनिटं स्थिर होऊ द्या. ॲपमध्ये दिसणारा अचूकतेचा आकडा १० मीटरच्या खाली आला की नोंद घ्या. अँड्रॉइडमधल्या त्या वर्तुळात खरी जागा असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्केच असते, त्यामुळे तो हमी म्हणून वाचू नका. उपग्रह संकेतांच्या एल१ आणि एल५ अशा दोन्ही वारंवारता घेणारा फोन दाट झाडीत बराच सुधारित निकाल देतो. बागेच्या मधोमध उभं राहण्यापेक्षा बांधावरून चालत जा, कोपऱ्यावर थांबून पाच-दहा वाचनांची सरासरी घ्या. भर पावसात, ओल्या पानांखाली, चूक वाढते. शक्यतो काम मार्च-एप्रिलमध्ये उरका.

आणि उंची पाठवू नका. मागितलेली नाही. जीपीएक्स फाइलमध्ये (ॲपने नोंदवलेल्या बिंदूंच्या फाइलमध्ये) ती आपोआप येते, काढून टाका.

---

सातबारा_वाचक

महाभूनकाशावरून आकार उचलायचा विचार मनातून काढा. ते नकाशे मूळ कागदी सर्व्हे नकाशांवरून अंकीकृत केलेले आहेत. उपग्रह चित्रावर टाकले की कित्येक ठिकाणी पूर्ण हिस्सा बाजूला सरकलेला दिसतो, डोंगराळ भागात जास्तच. तुमच्याकडे सर्व्हे नंबरांना हिस्से पडलेले असतात आणि प्रत्येक हिस्स्याची हद्द नकाशावर चढलेली असेलच असं नाही. असा सरकलेला आकार पाठवला आणि तो शेजारच्या वनक्षेत्रावर बसला, तर निर्दोष बाग जंगलतोडीच्या यादीत जाईल. नकाशाचा उपयोग कुठला हिस्सा कुठे येतो हे ओळखण्यापुरता करा, निर्देशांक शेतातूनच घ्या.

उलट बाजूही सांगून ठेवतो. चालत घेतलेला बहुभुज (बागेच्या कडेचा बंद आकार) हा हद्दीचा पुरावा नाही. हद्द ठरते ती भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीने. 'ॲपवर माझा बांध इथे दिसतो' म्हणून भाऊबंदकीचा वाद काढायला ही माहिती वापरली जाऊ नये, असं वाक्य नोंदणीच्या कागदावर छापाच.

आता बिंदू की बहुभुज. नियमाप्रमाणे ४ हेक्टरपर्यंतच्या भूखंडाला एक बिंदू पुरतो, त्यावर गेलात तर पूर्ण हद्दरेषा. चार हेक्टर म्हणजे जवळजवळ दहा एकर, तेव्हा तुमच्या बहुतेक सभासदांचं काम बिंदूवर भागेल. भूखंडाची व्याख्या त्या देशाच्या कायद्याने मान्य केलेल्या एका मालमत्तेच्या आत आहे. शेजारच्या तिघांचे हिस्से एकत्र करून एकच मोठा आकार काढू नका.

तरीही माझं मत असं: ज्या बागेला वनखात्याची किंवा खाजगी वनाची हद्द लागून आहे, तिथे एक हेक्टर असली तरी बहुभुज घ्या. कारण खरेदीदाराची तपासणी उपग्रहाच्या थरांवर चालते. युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राचा २०२० चा वनआच्छादन नकाशा १० मीटरच्या चौकोनांचा आहे, आणि वाढलेलं रबर वरून जंगलासारखंच दिसतं. बिंदू चुकून काठावर पडला की शंका आलीच. रबराची लागवड त्या नियमात शेती धरली जाते, जंगल नव्हे. पण ते सिद्ध करायची पाळी आपल्यावर येते.

कट-ऑफ तारीख (त्यानंतर जंगल तोडलेल्या जमिनीचा माल चालत नाही) ३१ डिसेंबर २०२० आहे. म्हणून २०१९-२० आणि २०२०-२१ या दोन्ही वर्षांच्या सातबाऱ्यातला गाव नमुना बारा काढून ठेवा, पीक रकान्यात रबर आहे का बघा. ई-पीक पाहणीचे फोटो राज्यभर ऑगस्ट २०२१ पासूनचे, त्यामुळे ते त्या तारखेच्या आधीचा पुरावा होत नाहीत, पूरक म्हणून जोडा. पीक रकान्यात 'पडीक' किंवा 'गवत' लिहिलेलं असेल आणि शेतात पंधरा वर्षांचं रबर उभं असेल, तर आत्ताच तलाठ्याकडे विचारणा करा. माल बंदरावर पोचल्यावर हे सुधारत नाही. लागवडीच्या वेळच्या रोपखरेदीच्या पावत्या आणि अनुदानाची कागदपत्रं इथे सोन्यासारखी आहेत.

---

दोडामार्ग_रबर

खूप उपयोगी. दोन गोष्टी स्पष्ट करतो. व्यापाऱ्याने सुचवलेलं ॲप परदेशी कंपनीचं आहे, आणि ते लोक आमच्या मुलांना फोनला जोडायचा आरटीके अँटेना द्यायला तयार आहेत. आणि ड्रोनवाला म्हणतो, तो पाच सेंटिमीटरचं चित्र देईल, मग त्यावरून आकार काढून सहाऐवजी पाच आकडी केले की ढोबळ झाले.

---

भूमापन_कट्टा

अँटेना नको. साधा फोन असेपर्यंत तुम्ही उंबरठ्याच्या ढोबळ बाजूला आहात. आरटीके जोडला की दोन-तीन सेंटिमीटरवर आलात, आणि ती माहिती थेट परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर चालली. एक मीटरपेक्षा बारीक मोजणी आणि जागेवरची पडताळणी ही फक्त भारतीय संस्थांची मुभा आहे. मोजणारी मुलं तुमची असली तरी माहिती गोळा कोण करतंय आणि ती कुठे उतरतेय, हे पाहिलं जाईल.

पाच आकड्यांचा उपायही टिकत नाही. पाचवा दशांश म्हणजे १.१ मीटर, पण जवळच्या आकड्याला पूर्ण केल्यावर प्रत्येक दिशेत चूक जास्तीत जास्त त्याच्या निम्मी, ५५ सेंटिमीटर. म्हणजे अजूनही एक मीटरच्या आतच. चार आकडे ठेवले तर साडेपाच मीटरपर्यंत चूक येते, पण मग युरोपची सहा आकड्यांची अट मोडते. मागे दोन शून्यं जोडून द्यावीत म्हटलं तर जेसन फाइलमध्ये संख्येच्या शेवटची शून्यं बहुतेक सॉफ्टवेअर गाळून टाकतात. बारीक मोजून मग खराब करण्यात काही हशील नाही. निर्यातीसाठी फोनने घेतलेल्या बिंदूंचा संच वेगळा ठेवा. ड्रोनचं चित्र हवंच असेल तर ते स्वतःच्या वापरासाठी, भारतातल्या सर्व्हरवर. दोन्ही संचांचे फोल्डर, खाती आणि बॅकअप वेगळे असू द्या. स्वयंचलित बॅकअप परदेशी डेटा सेंटरमध्ये जातोय, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. क्लाउडच्या सेटिंगमध्ये मुंबई किंवा हैदराबाद विभाग निवडलाय ना, आणि प्रतही तिथेच पडतेय ना, हे तपासा.

---

आकाशनियम

ड्रोनबद्दल थोडी भर. '५ सेंटिमीटरचं चित्र' हा पिक्सेलचा आकार झाला. आरटीके किंवा पीपीके (तीच दुरुस्ती उड्डाणानंतर करणारी पद्धत) नसलेला ड्रोन ५ सेंटिमीटरचा पिक्सेल देतो आणि अख्खं चित्र दोन-चार मीटर सरकलेलं असतं. खरी अचूकता कळायला जमिनीवर नियंत्रण बिंदू (आधीच अचूक मोजलेल्या खुणा) लागतात, आणि प्रक्रियेत न वापरलेले निराळे तपासणी बिंदू. त्या तपासणी बिंदूंवरची चूक अहवालात लिहून मागा. तो कागद तुमच्याकडे असला तरच माहिती उंबरठ्याच्या कुठल्या बाजूची आहे हे सांगता येईल.

ड्रोन नियम ऑगस्ट २०२१ चे. भाड्याने घेताना चालकाकडून तीन गोष्टी बघा: ड्रोनचा विशिष्ट ओळख क्रमांक, दूरस्थ वैमानिकाचं प्रमाणपत्र आणि तृतीय पक्ष विमा. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही, दोन किलोपर्यंतच्या मायक्रोला ते बिगर-व्यावसायिक वापरातच माफ आहे. पैसे घेऊन केलेलं सर्वेक्षण व्यावसायिकच. नियमभंगाचा दंड एक लाखापर्यंत.

तुमच्या भागात मोठा प्रश्न हवाई क्षेत्राचा. मोपा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि विमानतळाच्या कुंपणापासून १२ किलोमीटरपर्यंतचा पट्टा निर्बंधांचा असतो. ८ ते १२ किलोमीटरमध्ये ६० मीटर उंचीपर्यंत हिरवा (परवानगी न लागणारा), त्यावर पिवळा, आणि ८ च्या आत निर्बंध जमिनीपासूनच. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. बांद्याच्या बाजूच्या बागा या अंतरात येऊ शकतात. पूर्वीचा, मोपा नसतानाचा नकाशा पाहून कोणी 'इथे चालतं' म्हणालं तर ऐकू नका. उड्डाणाच्या दिवशी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा उघडून बघा. डोंगरउतारावर आणखी एक पंचाईत: चालक टेकडीवर उभा राहून ६० मीटर धरतो आणि दरीवर ड्रोन गेला की तो जमिनीपासून १५० मीटरवर असतो. भूभागानुसार उंची बदलणारं उड्डाणनियोजन मागा.

फक्त युरोपीय अटीसाठी विचारत असाल तर ड्रोनची गरज नाही, पैसे वाचवा.

---

संमतीपत्र

संमतीकडे वळूया, कारण ही बाजू लोक शेवटच्या दिवशी आठवतात.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. तुमची माहिती त्या तारखेनंतरही वापरात राहणार, म्हणून कागद आत्तापासूनच त्या मापाचा करा.

नुसता निर्देशांक ही कोणाची वैयक्तिक माहिती नव्हे, पण त्याला नाव, फोन आणि विकलेले किलो जोडले की झाली. सातबाऱ्यावरचं नाव सार्वजनिक आहे, त्याच्या आधारावर 'बाकीचंही सार्वजनिक' म्हणता येत नाही. सूचनापत्र मराठीत द्या. इंग्रजी किंवा आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत ते वाचण्याचा पर्याय हा शेतकऱ्याचा हक्क आहे. त्यात काय घेतो, कशासाठी, कोणाला देतो, संमती मागे कशी घ्यायची, तक्रार कुठे करायची, हे साध्या वाक्यांत हवं.

संमती मागे घेण्याबाबत आधीच खरं सांगा. युरोपातल्या खरेदीदाराला तपासणीची कागदपत्रं पाच वर्षं ठेवावी लागतात. एकदा एखाद्या खेपेसोबत निर्देशांक गेला की तो तिथून पुसून आणता येणार नाही. संमती मागे घेतली तर पुढच्या खेपांतून नाव निघेल, मागच्या नाही. हे शेतकऱ्याला सहीच्या आधी कळलं पाहिजे, तोंडी आणि लेखीही.

परदेशी हस्तांतराला कायद्यात सरसकट बंदी नाही. केंद्र सरकार ज्या देशांवर निर्बंध अधिसूचित करेल ते वगळून ते करता येतं. पण लागतं तेवढंच पाठवा. प्रत्येक बागेला कंपनीचा संकेत द्या, नाव-संकेताची जोड यादी आपल्याकडे ठेवा, आणि खरेदीदाराला लेखी विचारा की शेतकऱ्याचं नाव, फोन खरंच कशासाठी हवा. आधार क्रमांक या कामात कुठेच लागत नाही. फॉर्मवर तो रकाना असेल तर खोडा.

सामाईक सातबाऱ्यावर सहा वारस आणि बाग कसणारा एकच, असं तुमच्याकडे पुष्कळ असणार. ज्याचा माल येतो आणि ज्याची माहिती नोंदवता त्याची सही घ्या. बाकीच्यांची नावं गोळाच करू नका.

आणखी एक. करारात 'या माहितीची मालकी ॲप कंपनीची' असं वाक्य असेल तर सही करू नका. बागांची यादी उत्पादक कंपनीची राहिली पाहिजे आणि ती पूर्ण स्वरूपात परत काढून घेता आली पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाताना अडीचशे बागा पुन्हा चालाव्या लागतील, आणि भावाची घासाघीस तिथेच संपेल.

---

कोकण_जीआयएस

संकेतस्थळावरचा नकाशा आणि फाइल, दोन्ही सांगतो.

फाइल जिओजेसन (नकाशा-माहितीचं मजकुरी स्वरूप), डब्ल्यूजीएस८४ (जीपीएसची निर्देशांक पद्धत) मध्ये. या स्वरूपात रेखांश आधी, अक्षांश नंतर. उलटं झालं तर तुमचं १५.७ उत्तर आणि ७४ पूर्व हे ७४ उत्तर आणि १५.७ पूर्व होतं, म्हणजे बाग नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात. बहुभुजाचा पहिला आणि शेवटचा बिंदू तंतोतंत एकच हवा. चालताना मागे-पुढे झाल्याने रेघ स्वतःलाच छेदते, ते क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरमधल्या वैधता तपासणीने शोधून दुरुस्त करा. शेजारच्या बागांचे आकार एकमेकांवर चढलेत का तेही पाहा. क्षेत्रफळ सातबाऱ्याशी ताडून बघा, फरक मोठा असेल तर पुन्हा चालायला लावा.

भारत 'कमी जोखीम' देशांच्या यादीत आहे म्हणून निर्देशांक लागत नाहीत, असं कोणी सांगेल. तसं नाही. तपासणी सोपी होते, निर्देशांक लागतातच. आणि शंकास्पद बागेचं रबर इतरांच्या ढिगात मिसळलं की सगळी खेप अडते. तेव्हा गोळा केंद्रावरच निराळा ढीग.

संकेतस्थळावर बागांचे नेमके बिंदू दाखवू नका. गावनिहाय संख्या पुरेशी आहे.

त्या नकाशात भारताची सीमा दिसणार असेल तर लक्ष द्या. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमाखाली, १९९० च्या दुरुस्तीनंतर, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्हीचा गुन्हा आहे. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या तयार चित्र-टाइल्समध्ये (नकाशाच्या चौकोनी तुकड्यांमध्ये) जम्मू-काश्मीर, लडाखची सीमा प्रत्यक्ष ताब्याप्रमाणे काढलेली असते आणि चित्रातली रेघ पुसता येत नाही. मार्ग तीन. गूगलचा नकाशा लावत असाल तर लोड करताना 'रीजन' भारत ठेवा. मॅपबॉक्स असेल तर 'वर्ल्डव्ह्यू' भारत. ओपनस्ट्रीटमॅपच हवा असेल तर व्हेक्टर टाइल्स (चित्राऐवजी रेषांची माहिती असलेले तुकडे) घ्या, शैलीतून देशाच्या, राज्यांच्या आणि विवादित सीमांचे थर बंद करा आणि त्याजागी सर्व्हे ऑफ इंडियाची सीमा-फाइल चढवा. ती त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत मिळते. राज्यसीमाही त्याच फाइलच्या, गोव्याकडची आणि कर्नाटकाकडचीही. आपली मतं काही असोत, प्रसिद्ध नकाशाला मानक तेच. ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचा श्रेयउल्लेख कोपऱ्यात राहू द्या, तो परवान्याचा भाग आहे.

सर्वांत सोपं म्हणजे झूम मर्यादित करून फक्त सिंधुदुर्ग दाखवा. देशाची बाह्य सीमा चौकटीत येणारच नाही.

सीमा-फाइल वापरलीत तर दोन खाचखळगे. राज्यांच्या नावांत दीर्घ स्वरांच्या जागी 'पेक्षा मोठे' यासारखी चिन्हं येतात, नावांचा रकाना स्वतः दुरुस्त करावा लागतो. आणि फाइल जड असल्याने रेषा सुलभ करताना लहान आकार टाकून देण्याचा पर्याय चालू राहिला तर लक्षद्वीप नाहीसं होतं. मॅपशेपर या रेषा सुलभ करणाऱ्या साधनात 'आकार राखा' हा पर्याय चालू करून सुलभ करा, मग लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार दिसतात ना ते डोळ्यांनी पाहूनच फाइल चढवा.